गेम खेळून डिस्लेक्सिया कमी होतो का? ‘ब्रेन ट्रेनिंग’ ॲपचे पैसे भरण्याआधी हे वाचा

घरात कुणाचं काही अडलं की ॲप शोधून द्यायचं काम तुमच्याकडे येतं. गॅस बुकिंग असो, आजीचं व्हॉट्सॲप असो. तसंच एक दिवस हेही येतं. समजा, चारकोपच्या एखाद्या सेक्टरमधलं घर. तिसरीतला चुलतभाऊ तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, क्रिकेटचे स्कोअर पाठ आहेत, पण पुस्तक उघडलं की ओळीच्या मध्यावरच अडकतो. शाळेतल्या बाईंनी ‘डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या’ असं सुचवलंय. काकू फोन पुढे करते आणि म्हणते, “बघ ना, ही जाहिरात सारखी येतेय. रोज अर्धा तास गेम खेळला की लक्ष आणि मेमरी वाढते म्हणतात. भरू का पैसे?”

या प्रश्नाला ‘रिव्ह्यू चांगले आहेत, घेऊन टाक’ असं उत्तर देऊ नका. इथे पैशापेक्षा मोठी गोष्ट पणाला आहे, ती म्हणजे त्या मुलाचं वर्ष. दुसरी-तिसरीपर्यंत मूल ‘वाचायला’ शिकतं. त्यानंतर वाचूनच विज्ञान, इतिहास, गणिताची शाब्दिक उदाहरणं शिकायची असतात. हे एक वर्ष चुकीच्या गोष्टीवर गेलं तर पुढच्या वर्षीचा डोंगर आणखी उंच होतो.

हे ॲप नक्की करतं काय?

या प्रकाराला ‘पर्सेप्च्युअल ट्रेनिंग’ म्हणतात. सोपं सांगायचं तर कान आणि डोळे यांच्याकडून येणारी माहिती मेंदूने जास्त बारकाईने आणि जास्त वेगाने ओळखावी म्हणून दिलेला सराव. स्क्रीनवर तो गेमच्या रूपात येतो. दोन ‘बीप’ वाजतात, वरच्या पट्टीतला कोणता ते सांगा. ‘बा’ आणि ‘दा’ वाजतात, वेगळे आहेत की एकच ते सांगा. चौकटी एकामागून एक चमकतात, त्याच क्रमाने किंवा उलट क्रमाने बोट लावा. तारे इकडून तिकडे पळतात, त्यातला लाल नजरेतून सोडू नका.

यातली हुशारी असते ती लेव्हल बदलण्यात. सलग तीन उत्तरं बरोबर आली की गेम थोडा अवघड होतो, एक चुकलं की थोडा सोपा. या हिशोबाने मूल साधारण पाचपैकी चार वेळा बरोबर येईल अशा जागी टिकून राहतं. फार सोपं नाही, फार अवघडही नाही. त्यामुळे कंटाळा येत नाही, आणि आलेख रोज वर जाताना दिसतो. हाच आलेख नंतर पालकांना रिपोर्ट म्हणून येतो: ‘तुमच्या मुलाची मेमरी सुधारली!’ आलेख खोटा नसतो. प्रश्न एवढाच, की सुधारलं काय?

कल्पना आली कुठून

ही कल्पना काही थापाड्यांनी काढलेली नाही. अमेरिकेत पॉला टलाल यांचं म्हणणं होतं की ज्या मुलांना भाषा आणि वाचन अवघड जातं, त्यांच्या मेंदूला झटकन बदलणारे आवाज पकडायला वेळ लागतो. ‘बार’ आणि ‘दार’ यांच्यातला फरक सुरुवातीच्या जेमतेम ४० मिलिसेकंदांत असतो. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. तो निसटला तर दोन्ही शब्द सारखेच. मेंदू सरावाने बदलतो या विषयावर काम करणारे मायकेल मर्झेनिक त्यांच्यासोबत होते. १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचे निबंध आले. ताणून सावकाश केलेले आणि ठळक केलेले आवाज वापरून कॉम्प्युटर गेम बनवले, मुलांना काही आठवडे खेळवले, आणि त्यांचं भाषा समजणं सुधारलेलं दिसलं. त्यातूनच ‘फास्ट फॉरवर्ड’ नावाचा प्रोग्राम बाजारात आला आणि अमेरिकेतल्या शाळांमध्ये पोचला.

मग इतरांनी तपासून पाहिलं. २०११ मध्ये या प्रोग्रामच्या काटेकोर चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, आणि वाचन किंवा बोलीभाषा सुधारण्यासाठी तो परिणामकारक असल्याचा पुरावा सापडला नाही. मेमरीच्या गेमचंही तसंच. स्वीडनमध्ये टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या संशोधनातून ‘कॉगमेड’ आलं, वर्किंग मेमरी वाढवण्यासाठी. २०१३ मध्ये मोनिका मेल्बी-लेरवॉग आणि चार्ल्स हल्म यांनी अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले. गेमसारख्याच चाचण्यांत मुलं लगेच सुधारलेली दिसली. वाचन, गणित यांवर मात्र परिणाम दिसला नाही.

एक उदाहरण तर गेमर मंडळींना आवडेल असं आहे. २०१३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना १२ तास ॲक्शन व्हिडिओ गेम खेळायला दिला. अभ्यासाचा गेम नव्हे, निन्टेन्डो वीवरचा साधा धमाल गेम, सशांचा. आणि त्यांचा वाचनाचा वेग वाढला! जगभर बातम्या झाल्या. फक्त मुलं होती २०, म्हणजे एका गटात १०. पुढे २०१८ मध्ये पोलंडमध्ये ५४ मुलांवर असाच प्रयोग झाला. एका गटाला ॲक्शन गेम, दुसऱ्याला आवाजांचे गेम. दोन्ही गट सुधारले. पण ज्या मुलांना काहीच गेम दिला नव्हता, तीही तेवढीच सुधारली. म्हणजे दुसऱ्यांदा तीच परीक्षा दिली म्हणून मार्क वाढले. जाहिरातीत ‘वापरण्याआधी आणि वापरल्यानंतर’ असे दोन आकडे दाखवतात, तेव्हा हा तिसरा गट तिथे असतो का, एवढं बघा. बहुतेक वेळा नसतो.

रॅम क्लीनर आठवतंय?

काही वर्षांपूर्वी प्रत्येकाच्या फोनमध्ये एक रॅम क्लीनर असायचं. बटण दाबलं की रॉकेट उडायचं, ‘८०० एमबी मोकळी झाली’ असं यायचं, आणि फोन होता तसाच राहायचा. ब्रेन ट्रेनिंगचं गणित बऱ्याच अंशी असंच आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ.

वर्किंग मेमरी म्हणजे डोक्यातली रॅम. काम चालू असताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवणारी जागा. आता अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चालतं बघा. शब्द आहे ‘पुस्तकातल्या’. त्याने ‘पु’ ओळखला, मग ‘स्त’पाशी थांबला. अर्धा स, मग त. तो सुटेपर्यंत मागचा ‘पु’ धरून ठेवायचा. मग ‘का’, मग ‘त’, मग ‘ल्या’. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते. वाक्याचा अर्थ लागायला तर रॅम उरतच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ‘याचं लक्ष नाही, याच्या लक्षात राहत नाही.’ खरं तर अक्षर ओळखण्याचंच काम एवढी रॅम खातंय की बाकी सगळं हँग होतंय.

यावर उपाय दोन असू शकतात. एक, रॅम वाढवा. दुसरा, जे काम रॅम खातंय ते इतकं सरावाचं करा की त्याला रॅम लागणारच नाही. पहिला उपाय गेमवाले विकतात, आणि तो वाचनापर्यंत पोचत असल्याचा पुरावा नाही. चौकटी लक्षात ठेवायचा सराव केला की चौकटी लक्षात राहतात. दुसरा उपाय पोचतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी २२ नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात रंगीत चष्मे होते, औषधं होती, कानाचा सराव होता, वाचनाचा सराव होता. आकडेवारीने खात्रीशीर ठरली एकच पद्धत: अक्षर आणि आवाज यांची सांगड पद्धतशीरपणे शिकवणं.

सगळ्याच मुलांचं लक्ष फक्त वाचनामुळे उडतं असं मात्र नाही. डिस्लेक्सियासोबत एडीएचडी असलेली मुलंही बरीच असतात, आणि तो वेगळा प्रश्न आहे. खेळताना, गोष्ट ऐकतानाही लक्ष टिकत नसेल तर डॉक्टरांना तसं वेगळं सांगायला हवं. त्यालाही ॲप हे उत्तर नाही.

मराठीची स्वतःची गंमत

इंग्रजीतली बहुतेक ॲप बी-डी, पी-क्यू यांच्या गोंधळावर बेतलेली असतात. आपल्या मुलाला त्यातून मराठीची मदत किती होणार? देवनागरीत अडचणी वेगळ्या आहेत. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या आहेतच. पण खरी कसरत पुढे आहे. ‘किती’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र वेलांटी ‘क’च्या आधी उभी. डोळा डावीकडून उजवीकडे जातो, आवाज उलटा. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ घ्या. तीच तीन व्यंजनं, पण र एकदा ‘क’च्या पायात आणि एकदा ‘म’च्या डोक्यावर, तेही आवाजाच्या क्रमाने नाही. मोठ्यांना हे कधी जाणवतही नाही.

उलट एक सोयही आहे. मराठीत अक्षराचा आवाज बराचसा ठरलेला असतो, इंग्रजीसारखा शब्दागणिक बदलत नाही. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूलही पुढे पुढे मराठी बरोबर वाचायला लागतं, फक्त फार हळू. ‘वाचता तर येतंय की, आळशी आहे झालं,’ असं घरचे म्हणतात ते यामुळेच. बाराखडीही फसवते. ‘क का कि की’ गाण्यासारखं घडाघडा म्हणणारं मूल पानावर एकटा ‘कि’ दाखवला तर ओळखेलच असं नाही. पाठ असणं आणि ओळखता येणं या दोन गोष्टी आहेत.

म्हणूनच तपासणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. हरियाणातल्या मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी ‘दाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला. तो २०१५ मध्ये आला, आणि हिंदी, कन्नड, इंग्रजीसोबत मराठीतही आहे. मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि घरी मराठी बोलत असेल (चारकोपमध्ये अशी घरं ढिगाने) तर दोन्ही भाषांतलं वाचन बघितलं जाणं महत्त्वाचं. फक्त इंग्रजीत अडत असेल तर ती कदाचित इंग्रजी कानावर न पडल्याची अडचण असेल, डिस्लेक्सिया नसेलही.

मुंबईत आहात, त्याचा फायदा घ्या

सायन, केईएम आणि नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी होते. कांदिवलीहून नायर सगळ्यात सरळ, मुंबई सेंट्रलला उतरायचं. केईएमसाठी प्रभादेवी, सायनसाठी दादरला बदलायचं. एका फेरीत काम होत नाही. बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखनाची चाचणी, डॉक्टरांची तपासणी असे टप्पे असतात, आणि रांग असते. नेमक्या याच कंटाळ्याचा फायदा ॲपवाले घेतात: ‘घरबसल्या १० मिनिटांत टेस्ट.’ पण त्या टेस्टचा कागद शाळेत किंवा बोर्डात चालत नाही.

आणि हा कागद लागतोच. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. महाराष्ट्रात तर ‘तारे जमीन पर’ (२००७) येण्याच्याही आधीपासून, नव्वदच्या दशकातच, बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळायला लागल्या होत्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा त्या सवलती. केंद्राच्या २०१८ च्या नियमावलीत प्रमाणपत्र ८ वर्षांनंतर, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी, असं ठरलं. नियमांत बदल होत राहतात, म्हणून जाण्याआधी रुग्णालयात विचारून घ्या. पण मदत सुरू करायला प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नाही. रेमेडियल शिक्षक, म्हणजे अशा मुलांना शिकवण्याचं खास प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, आधीही शिकवू शकतात. १९९६ पासून काम करणारी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन मुंबईतच आहे, शिक्षक कुठे मिळतील हे तिथे विचारता येतं.

मग फोनचा उपयोग शून्य?

अजिबात नाही. मेंदू बदलण्याचं काम फोनकडून काढून घ्या आणि त्याला जमतं ते काम द्या.

पहिलं म्हणजे वाचून दाखवणं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘सिलेक्ट टू स्पीक’ असतं. ते चालू करून मराठी आवाज डाउनलोड केला की स्क्रीनवरचा मजकूर फोन वाचतो. इतिहासाचा धडा कानाने ऐकला तर इतिहास मागे पडत नाही, वाचनाचा सराव वेगळा चालू ठेवता येतो. एक अडचण येईल: बऱ्याच मराठी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. दिसायला मराठी, पण फोनला त्यात इंग्रजी कचरा दिसतो आणि तो भलतंच बडबडतो. तेव्हा गूगल लेन्सने पानाचा फोटो घ्या, त्यातला मजकूर ओळखून ‘लिसन’ दाबा.

दुसरं, अक्षरांची मांडणी. २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच बोलणाऱ्या ७४ मुलांवरच्या अभ्यासात अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुलं लगेच जास्त चांगलं वाचू लागली, कुठलंही ट्रेनिंग न घेता. मात्र ती रोमन लिपी होती. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर ताणलं तर काही ॲपमध्ये शिरोरेषाच तुटते आणि शब्द विस्कटतो. आपल्यासाठी फॉन्ट मोठा करून शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवणं हा साधा, फुकटचा प्रयोग. मुलाला आवडला तर ठेवा. ‘डिस्लेक्सियासाठी खास फॉन्ट’ आणि रंगीत फिल्टर यांच्यामागे धावू नका. रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांना आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ संघटनांनी २००९ मध्येच एकत्र सांगितलंय.

आणि ॲपच हवं असेल तर असं घ्या ज्यात मूल प्रत्यक्ष अक्षरं आणि शब्द हाताळतं. फिनलंडच्या युवॅस्कुला विद्यापीठातून आलेलं ‘ग्राफोगेम’ असंच आहे: आवाज ऐका, त्याचं अक्षर पकडा. गूगलचं ‘रीड अलाँग’ २०२० मध्ये आलं तेव्हा त्याच्या नऊ भाषांत मराठी होती. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. ग्राफोगेमबद्दल २०२० मधल्या एका आढाव्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट निघाली. नुसतं ॲप हातात देऊन फारसा फरक पडला नव्हता. जिथे मोठं माणूस शेजारी बसून त्यात भाग घेत होतं, तिथे फरक दिसला. काकूला हे आधीच सांगा. फोन हातात देऊन स्वयंपाकाला जाता येणार नाही. त्या वेळात तुम्ही बसू शकता का, हाही प्रश्न आहेच.

पैसे मागणाऱ्याला काय विचारायचं

‘गेममधला स्कोअर सोडा, वाचन सुधारल्याचा पुरावा दाखवा. तुलनेचा गट होता का? मराठी वाचणाऱ्या मुलांवर तपासलंय का? आम्ही थांबलो तर पैसे परत मिळतात का?’ एवढं विचारलं की फोनवरचा काउन्सेलर बहुतेक वेळा ‘आजच ऑफर संपतेय’वर येतो. अमेरिकेत अशा दाव्यांवर सरकारी कारवाई झाली आहे. ‘जंगल रेंजर्स’ हा मुलांचं लक्ष आणि मेमरी कायमची वाढवण्याचा दावा करणारा गेम २०१५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या कचाट्यात सापडला, आणि २०१६ मध्ये ‘लुमोसिटी’ने फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात २० लाख डॉलर भरून तडजोड केली. हे दावे इकडच्या जाहिरातींतही तुम्हाला जसेच्या तसे दिसतील.

आणखी एक बघा: ते ॲप मायक्रोफोन, लोकेशन, कॉन्टॅक्ट यांतलं काय काय मागतंय. आवाजाच्या गेमला मायक्रोफोन लागू शकतो. कॉन्टॅक्ट कशाला?

कोणतीही पद्धत घ्या, ॲप असो की शिक्षक, ती चालतेय की नाही हे तपासायचं साधन तुमच्या खिशात आहे. फोनचा रेकॉर्डर. दर पंधरा दिवसांनी मुलाच्या इयत्तेचा एक नवा उतारा घ्या, आधी वाचलेला किंवा ऐकलेला नको. एक मिनिट मोठ्याने वाचू द्या आणि रेकॉर्ड करा. मध्ये सुधारायचं नाही, ओरडायचं नाही. नंतर ऐकून बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि तारीख टाकून लिहून ठेवा. चारकोपच्या घरात एका खोलीत टीव्ही आणि दुसऱ्या खोलीत मिक्सर चालू असतो, तेव्हा वेळ शांत निवडा आणि दर वेळी तीच ठेवा. एखादा आकडा खाली आला तर घाबरू नका, उतारा अवघड असू शकतो. तीन महिन्यांचे सहा-सात आकडे झाले की दिशा कळते. तपासणीला जाताना हे रेकॉर्डिंग आणि मुलाच्या वह्या सोबत घ्या. शाळेतली जुनी प्रगतिपुस्तकंही.